बिनशिक्क्याचा साचा

राउंडअप, मोंटाना
९ मे

प्रिय डेना,

तू केलेला, गोळ्या ओतायचा पितळेचा साचा गेले अकरा दिवस माझ्या टेबलावर होता. आज सकाळी लायल तो परत घेऊन गेला, आणि त्याबरोबर माझा लेखी निकालही. तो निकाल तुला कळेलच. त्यात जे लिहायला जागा नव्हती ते इथे लिहिते आहे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवलेली नाही, तेव्हा पाकिटावर माझं नाव बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. रॉससुद्धा.

लायल बेंड्ट तुला आठवत असेलच. लुईस्टाउनचा दातांचा डॉक्टर, तुझ्या-रॉसच्या लग्नात ज्याने अकॉर्डियन वाजवून वाजवून पाहुण्यांना पळवून लावलं होतं तो. आता दवाखाना बंद केलाय आणि दिवसभर नेमबाजीच करतो. तर तो एका मंगळवारी सकाळी आला, खिशातून एक राखाडी लोकरीचा मोजा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मोज्यात तुझा साचा. म्हणाला, “मार्लिस, हा कुणी केलाय ते मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. फक्त बघ, आणि कसा झालाय ते कागदावर लिहून दे.” मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या क्लबातल्या अठरा जणांना जूनच्या स्पर्धेआधी एकसारखे साचे हवेत, सगळ्यांच्या गोळ्या एकाच घाटाच्या. निम्मे म्हणतात टोलफसनकडून, म्हणजे आमच्याकडून, घ्या, निम्मे म्हणतात हा नवा घ्या. मी म्हटलं, “अरे, एक साचा माझ्या मुलाचा, एक कुणा परक्याचा, आणि निवाडा मी करायचा? लोक तुला हसतील.” तर तो म्हणतो कसा, “हसू देत. गेली तीस वर्षं तू तपासून मारलेला शिक्का बघून मी साचा घेतोय. एकदाही घरी जाऊन मोजून पाहिलेला नाही. आता दुसऱ्या कुणाकडे जाऊ?” माझ्या हातचा रूबार्बचा गोड केक दोनदा घेऊन खाल्ला आणि गेला. जाताना मोजा मात्र मागून नेला, बायकोने विणलेला आहे म्हणे.

त्याच्या त्या वाक्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. का ते पुढे लिहीन.

तू मला ओळखतेस. नवं काही समोर आलं की माझं स्वयंपाकघर, धुणं, सगळं मागे पडतं. तो गेल्याबरोबर मी साचा साबणाच्या कोमट पाण्याने धुतला, तेलाचा थर उतरवला आणि पूर्वेच्या खिडकीशी गेले. दोन्ही ठोकळे मिटून उजेडासमोर धरले. सांधा कुठे आहे तेच दिसेना. मी चष्मा पुसून पुन्हा धरला, कोन बदलला. एक केसभर उजेडसुद्धा आरपार येईना. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तुला माहीत आहे, त्या दोन जुळवणीच्या खिळ्या भोकांत जाताना जो आवाज होतो त्यावरून मला निम्मं कळतं. सैल असतील तर खुळखुळतात, घट्ट असतील तर शेवटी जोर लावावा लागतो. याचा आवाज चांगल्या कपाटाचं दार लागावं तसा, मऊ आणि एकदाच. मी नुसती बसून तो साचा पंधरा-वीस वेळा उघडमीट करत राहिले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं म्हातारी खेळतेय.

मग भिंग घेऊन पोकळीत शिरले. हत्यार थरथरलं असेल तर पोकळीच्या भिंतीवर वाळूत उमटतात तशा लाटा उमटतात, तुला मी काय सांगायचं. इथे लाटा नाहीत. ग्रीस भरायच्या खाचांच्या तळाशी मी मुद्दाम गेले, कारण आळस असला तर तिथेच सापडतो. तळ स्वच्छ, कोपरे एकसारखे. मग कापूस गुंडाळलेली काडी घेऊन पोकळीच्या कडेकडेने फिरवली. कुठे धातूचं बारीक कुसळ राहिलं असतं तर एखादा तरी तंतू अडकला असता. काडी आत गेली तशीच बाहेर आली. आणि तेवढ्यात मला ती वरची कड दिसली, जिथे दोन ठोकळे जादा शिसं कापणाऱ्या वरच्या पट्टीखाली एकमेकांना भेटतात. तिथे तू दोन्ही बाजूंनी अगदी बारीक उतार दिला आहेस. इतका बारीक, की बोटाला लागत नाही, नखालाच कळतो. माझा ओडेल होता तेव्हा तो असा उतार दगडाने घासून, हाताने द्यायचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडून दर वेळी वेगळा व्हायचा, कधी जास्त, कधी कमी. तुझा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाचा आहे. हा तू कशाने केलास? मशीनवर करायचा तर ठोकळे मिटलेले असताना करता येत नाही, आणि उघडे असताना केला तर दोन्हीकडे सारखा कसा आला? मी कागदावर चार रीतींची चित्रं काढून पाहिली. एकही पटली नाही. बाकी कशाचं नाही तरी एवढ्याचं उत्तर मला कळव, ही विनंती आहे.

आता तो तुझा आहे हे मला कसं कळलं, तर पट्टीमुळे. वरच्या पट्टीचा डावा कोपरा गोल होता. तुला आमच्याकडे येऊन सहावाच महिना होता, तेव्हा चौकोनी असलेल्या त्या कोपऱ्याने तुझा अंगठा कापला होता. सात टाके पडले. मीच तुला पिकअपमधून दवाखान्यात नेलं आणि तू वाटेत रडायचं सोडून मला विचारत होतीस की हा कोपरा चौकोनी कशासाठी ठेवतात. मला सांगता आलं नाही. ओडेललाही नाही. परत आल्यावर तू एका हाताने तो कोपरा घासून गोल केलास आणि पुढे आमच्या कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक साच्यावर तो गोल राहिला. तू गेल्यावर रॉसने तो पुन्हा चौकोनी केला. कारण काही नव्हतं, एवढंच की तो तुझा होता. तर तो गोल कोपरा बघून मी खुर्चीत बसले. साचा तसाच मोज्याविना कापडात गुंडाळून लायलला परत करावा, सांगावं की हे माझ्याने होणार नाही, असं मनात आलं. खरंच आलं. पण डेना, त्या उताराचं कोडं मला सोडवेना. आतून गोळी कशी पडते ते बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. दिला असता परत, तर आठवडाभर जेवण गेलं नसतं.

तू आमच्या कारखान्यात आलीस ती फोन घ्यायला. बावीस वर्षांची, केस रंगवलेले, आणि पहिल्याच दिवशी ओडेलला म्हणालीस, “तुमचं ते दुसरं लेथ कण्हतंय.” ओडेलने सगळी कामं थांबवून कान लावला. खरंच, बेअरिंग जात आलं होतं. त्या दिवसापासून त्याने तुला फोनवर बसू दिलं नाही. रॉसशी तुझं लग्न झालं त्याच्या आधीपासून तू ओडेलची होतीस, असं मी गमतीने म्हणायचे. गमतीच्या मागे काय होतं ते मी बघत नव्हते. बापाने मुलाला जे शिकवायचं ते सुनेला शिकवलं, तेही मुलाच्या डोळ्यांदेखत, आणि दर रविवारी जेवताना तुझ्या कानाचं कौतुक. रॉस मान खाली घालून बटाटे कुस्करत असायचा. ओडेल गेल्यावर त्याने ते नवीन संगणकाचं मशीन आणलं तेव्हा तू म्हणालीस, याची गरज नव्हती. गरज होती. साच्यांना नसेल, रॉसला होती. बापाचा हात ज्याला कधी लागला नाही असं एक तरी यंत्र त्याला हवं होतं. हे तुला तेव्हा कळलं नाही आणि मला कळूनही मी बोलले नाही.

असो. गुरुवारी मागच्या शेडचं दार सताड उघडं टाकून मी शिसं तापवलं. वीस भाग शिशाला एक भाग कथील, क्लबवाले वापरतात तेच. कुंपणावर मेडोलार्क पक्षी ओरडत होते, वारा नव्हता, काम करायला छान दिवस. साचा भांड्याच्या कडेवर ठेवून गरम केला, पळीने ओतायला घेतलं. पहिल्या डझनभर गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, त्या निघायच्याच. पंधरावीपासून बदल झाला. पट्टी सरकवली, साच्याचे दांडे उघडले आणि गोळी आपली आपण टॉवेलवर पडली. ठोकावं लागलं नाही. पुढची तशीच. त्याच्या पुढचीही. मी लाकडी हातोडी बाजूला ठेवून दिली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. आणि मग मी गोळीचं बूड बघितलं. बुडाची कड इतकी भरलेली, इतकी तीक्ष्ण, की मला तुझ्या त्या उताराचं काम एकदम कळलं. हवा वरच्या पट्टीखालून निसटते! शिसं येतं तेव्हा तिला कोपऱ्यात अडकून राहायला जागाच उरत नाही. मी शेडमध्ये एकटी मोठ्याने म्हणाले, “अगं लबाडे!” मेडोलार्क उडून गेले.

एक खोड सापडली, तीही निकालात लिहिली आहे. पट्टीचा स्क्रू चौतिसाव्या गोळीला सैल झाला. मी आवळला, पुन्हा सत्तराव्या गोळीला सैल झाला. त्याच्या बाजूने एक छोटा अडकवण्याचा स्क्रू दे. हे तुला माहीत असणार, घाईत राहिलं असेल. पण गेलेल्या मालात राहिलं ते राहिलं, मी लिहिणारच.

गोळ्या गार झाल्यावर मोजायला बसले. सांध्याच्या रेषेवर मायक्रोमीटर लावला, इंचाचे चारशे अठ्ठावन्न हजारांश. मग गोळी पाव वळसा फिरवून मोजली. चारशे अठ्ठावन्न. दुसरी घेतली, फिरवली, तेच. अशा पन्नास मोजल्या. मग तराजूवर पन्नासही तोलल्या, आणि सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत जड यांच्यात एका ग्रेनचाही फरक नाही. मी ओडेलच्या चांगल्या दिवसांतही असं काम बघितलेलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही, त्यालाही वाटलं नसतं. तो सगळ्या गावाला दाखवत फिरला असता.

मग मी आमचा घेतला. नवाच, गेल्या आठवड्यात मशीनवरून उतरलेला, शिक्का मारायला माझ्याच पेटीत पडलेला. तेच शिसं, तीच पळी, त्याच शेडमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी. गोळ्या चांगल्या पडल्या. दिसायला देखण्या. सांध्यावर मोजली, चारशे अठ्ठावन्न. फिरवली. चारशे साठ. मी मायक्रोमीटर पुसला. त्याचं शून्य तपासलं. पुन्हा लावला. चारशे साठ. मोजलेल्या दहाही गोळ्या तशाच, एका बाजूने बरोबर आणि दुसऱ्या बाजूने दोन हजारांश फुगलेल्या.

हे वाचून तुला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. ऑक्टोबरमधला तो शुक्रवार. तू माझ्या टेबलावर एक गोळी आणून ठेवलीस आणि म्हणालीस, “आई, ही गोल नाही. रॉस पकड इतकी आवळतो की ठोकळा श्वास रोखून धरतो. मशीन गोलच कापतं. पण पकड सोडली की ठोकळा फुगतो. तुम्ही मोजा.” मी मोजली. तुला म्हणाले, गोल आहे. रॉस दारात उभा होता. तो हसला आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस. त्याच आठवड्यात, बुधवारी, तू त्याला वेगळं व्हायचं असल्याचं सांगितलं होतंस. त्यामुळे पुढचं सोपं झालं. रॉस म्हणाला, जाता जाता मला बापाच्या कारखान्यातही नालायक ठरवायचंय तिला. ते त्याने रागात म्हटलं, पण मी तेच चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलावर, शांत आवाजात म्हटलं. बायका हळहळल्या. दोन आठवड्यांत अख्ख्या राउंडअपला कळलं की ओडेल टोलफसनची सून सूडापायी साच्यांची बदनामी करतेय. बिलिंग्जच्या वर्कशॉपमध्ये तुला ठरलेलं काम मिळालं नाही, तेही त्यातूनच झालं असं मी नंतर ऐकलं. तू गाव सोडून स्पिअरफिशला गेलीस ते हौसेने गेली नाहीस.

तर आमच्या गोळ्या मोजून झाल्यावर मी त्यातल्या तीन घेऊन कारखान्यात गेले आणि रॉसच्या समोर ठेवल्या. “फिरवून मोज,” म्हटलं. त्याने मोजल्या. आधी म्हणाला, “आई, दोन हजारांश! माणसाचा केस याहून जाड असतो.” मी म्हटलं, “केस आठशे यार्डांवर कुणी मारत नाही.” मग तो चिडला. आवाज चढवून म्हणाला, “मग तू शिक्का कशाला मारतेस? तीन वर्षं प्रत्येक साचा तुझ्या टेबलावरून गेलाय. तू म्हणालीस बरोबर, मी म्हटलं बरोबर. माझ्याकडे मोजायचं दुसरं काय होतं? तूच होतीस.” आपला मुलगा आपल्यावर ओरडतोय आणि त्याचा प्रत्येक शब्द खरा आहे, हे ऐकत मी तिथे उभी होते.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून जेवायला आला नाही. मी डबा घेऊन गेले. त्याने सगळी पकड मोडून नव्याने बसवली होती, जबड्यांना मऊ पट्ट्या लावल्या होत्या आणि किती आवळायचं ते मोजणारा पाना कुणाकडून तरी मागून आणला होता. दुपारी तीनला त्याने माझ्या टेबलावर तीन गोळ्या ठेवल्या आणि हात पुसत उभा राहिला. मी मोजल्या, फिरवल्या, मोजल्या. गोल. त्याने त्यांतली एक उचलून पुन्हा फिरवून बघितली. मग म्हणाला, “डेना हेच म्हणाली होती. अगदी हेच. मी तिला म्हटलं, आईने मोजलंय.”

त्याच संध्याकाळपासून तो गेल्या तीन वर्षांत साचा घेतलेल्या प्रत्येकाला पत्र लिहितोय. साचा परत पाठवा, नवा करून देतो, असं. वेळ लागेल, कदाचित पुढचा अख्खा हिवाळा. मी म्हटलं मी लिहिते पत्रं, तर म्हणाला, नको, ही माझी आहेत. पहिल्या पत्रात त्याने लिहिलं होतं की दोष नुकताच लक्षात आला. मी ते वाचलं आणि कागद त्याच्यापुढे परत ठेवला. नंतर त्यानेच तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात आहे की हा दोष आमच्या कारखान्यात काम करणाऱ्या डेना टोलफसन यांनी तीन वर्षांपूर्वी दाखवला होता आणि आम्ही तो मानला नाही. एक प्रत या पाकिटात घातली आहे. तुझं आडनाव तू बदललं असशील तर कळव, पुढच्या पत्रांत तो दुरुस्त करेल.

आज लायल आला तेव्हा मी त्याला दोन्ही साचे आणि दोन्ही कागद दिले. त्याने उभ्या उभ्या वाचलं. म्हणाला, “तुझ्या मुलाच्या साच्याबद्दल हे तू लिहितेस?” मी म्हटलं, “वाचता येतंय ना? मग खाली सही बघ.” मग तो थोडा घोटाळला आणि म्हणाला की कुणाचा आहे ते सांगू का. मी म्हटलं, “स्पिअरफिशचा आहे, आणि जिने केलाय तिच्या डाव्या अंगठ्यावर सात टाक्यांची खूण आहे.” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अठराच्या अठरा साचे तुझ्याकडून घ्यायचे हे त्याने माझ्याच टेबलावरून फोन करून क्लबला कळवलं. तेव्हा तुला काम भरपूर आहे. स्क्रूचं विसरू नकोस. आणि साच्यावर काहीतरी खूण उमटव, एखादं अक्षर तरी. असं निनावी काम बाहेर पाठवू नये. लोक उचलतात आणि आपलं म्हणतात.

आता ज्यासाठी बसले ते. गेल्या रविवारी चर्चहून परत येताना मी रॉसला एक गोष्ट सांगितली. त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला, उतरला आणि कुंपणापाशी माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी आत बसून होते. परत आला तेव्हा इंजिन सुरू करून एवढंच म्हणाला, “मला सांगून काय होणार. तिला सांग.” तर सांगते. आतापर्यंत तुला वाटलं असेल, रॉसलाही तेच वाटत होतं, की त्या शुक्रवारी माझं चुकलं. नजर अधू झाली असेल, मायक्रोमीटर नीट धरला नसेल. चर्चमधल्या बायकांना पुढे सांगायला मी तेच तयार ठेवलं होतं, कुणी विचारलंच तर. कुणी विचारलं नाही. डेना, माझी नजर चांगली होती. मी तुझी गोळी सांध्यावर मोजली, मग पाव वळसा फिरवून मोजली, तू समोर उभी होतीस आणि रॉस दारात. तू त्याला सोडून चालली होतीस, ओडेल गेलेला होता, आणि त्या दारात उभा असलेला तो एवढाच माझ्याकडे उरला होता. त्या दिवसानंतर मी कुठलीच गोळी फिरवून मोजली नाही, तीन वर्षं, लायलचा मोजा टेबलावर येईपर्यंत. शिक्का मात्र मारत राहिले. तू यावर काय करावंस ते मी सांगणार नाही, माफीही मागत नाही, ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. चर्चच्या तळघरात पुढच्या रविवारी मी उभी राहून हेच सांगणार आहे, त्याच टेबलापाशी, पण ते त्यांना कळण्याआधी तुला माझ्या हातून कळायला हवं होतं. चारशे साठ आलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं होतं.

तुझीच,
मार्लिस